आजोबांच्या शिकारीच्या सुऱ्याला नवी मूठ कशी बसवायची

तुम्ही विचारलंय की सावंतवाडीकडच्या जुन्या घरात माळ्यावर आजोबांचा शिकारीचा सुरा सापडला, पातं सहा इंची आणि चांगलं आहे पण सांबरशिंगाची मूठ उभी तडकलीय, पातं आत हलतं, मागे पितळेची टोपी आहे, तर तसंच सांबराचं शिंग मिळवून घरीच मूठ बसवता येईल का. मूठ बसवता येईल, नक्की येईल, दोन रविवार आणि मधला आठवडा धरा. शिंगाचं मात्र डोक्यातून काढून टाका. ते का, ते आधी सांगतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सांबराचं शिंग ही आता बाजारात घ्यायची वस्तू राहिलेली नाही. सांबर दरवर्षी शिंगं टाकतं, त्यामुळे "हे गळालेलं आहे, मारलेल्याचं नाही" असं सांगून विकणारे लोक भेटतात, पण कायद्याला त्याने काही फरक पडत नाही, जंगलात पडलेलं शिंग उचलणंसुद्धा चालत नाही. ऑनलाइन कुणी पाठवतो म्हणाला तर अजिबात मागवू नका. तुमच्या जुन्या मुठीचे तुकडे आहेत तेही विकू नका, कुरिअरने कुठे पाठवू नका, त्यांचं काय करायचं ते तुमच्या भागातल्या वनक्षेत्रपालांच्या ऑफिसात जाऊन सरळ विचारा. आणि हो, पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर शस्त्र परवान्याचा प्रश्न येऊ शकतो, तुमचं सहा इंची आहे, पण रुंदी एकदा मोजून घ्या. तरीही कमरेला लावून बाजारात फिरायची ही वस्तू नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आता मूठ फुटली का ते समजून घ्या, कारण ते कळलं की पुढचं सगळं काम आपोआप कळतं. बहुतेक लोकांना वाटतं शिंग जुनं झालं, वाळलं, म्हणून तडकलं. थोडं खरं आहे. पण खरं कारण आत असतं. पात्याचा जो निमुळता भाग मुठीत जातो, त्याला टँग म्हणतात, तो जुन्या सुऱ्यांत लाख आणि विटेची पूड किंवा राळ असल्या मसाल्यात बसवलेला असायचा. वर्षानुवर्षात तो मसाला वाळून भुसभुशीत होतो, गार्डच्या, म्हणजे पातं आणि मूठ यांच्या मधल्या आडव्या पट्टीच्या, फटीतून पाणी आत जातं, कोकणात तर पाऊस नसला तरी हवेतच इतका ओलावा असतो की काही विचारू नका, आणि टँग गंजायला लागतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्याला बाहेर जायला वाट नसते, मग तो आतून मूठ फोडतो. म्हणजे मूठ फुटली ती बाहेरच्या माराने नाही. तेव्हा नवी मूठ सागाची असो, शिसवीची असो नाहीतर कशाचीही, आत पाणी जायला जागा ठेवली तर तीही फुटणारच, आणि जागा ठेवली नाही तर तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेल. माझ्या मते या कामात दिसायला सुंदर मूठ हा दुसरा मुद्दा, पहिला मुद्दा हाच.

काढायला सुरुवात करायच्या आधी पात्याला जाड पुठ्ठा गुंडाळा आणि वरून चिकटपट्टी घट्ट मारा, टोकापर्यंत. हे काम संपेपर्यंत काढायचं नाही. मुठीवर काम करताना हात कापतात ते जवळजवळ सगळे उघड्या पात्यामुळे.

मागच्या पितळी टोपीच्या मधोमध टँगचं टोक ठोकून पसरवलेलं दिसेल, रिव्हेटसारखं. ते कानशीने हळूहळू घासून टोपीच्या पातळीला आणा, टोपीला ओरखडे जाऊ देऊ नका, ती परत वापरायची आहे. मग एका उभ्या भांड्यात उकळतं पाणी घ्या आणि सुरा मुठीकडून त्यात उभा धरा, पाणी गार झालं की बदला, पंधरा-वीस मिनिटं. लाख ७०-८० अंशाला मऊ पडते, त्यामुळे पाण्याची उष्णता पुरते. फडक्याने धरून मूठ थोडी पिळत मागे ओढा, सुटून येते. तडकलेलीच आहे म्हणून छिन्नी घालून फोडू नका, टँगला खाच पडली तर तिथूनच पुढे तुटेल.

गॅसवर किंवा ब्लोटॉर्चने तापवायचा मोह होतो, तो टाळा. साध्या कार्बन पोलादाचं पातं कडक करून झाल्यावर साधारण २०० अंशाच्या आसपास परत तापवून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो. त्याच्या वर गेलं की धार मऊ व्हायला लागते. रंगावरून कळतं, गवती पिवळा आला म्हणजे २२० च्या आसपास, तपकिरी, मग जांभळा, आणि निळा दिसला म्हणजे ३०० ला पोचलात, तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, मग ते पातं नुसतं शोभेचं. उकळतं पाणी १०० च्या वर जातच नाही म्हणून ते बिनधोक.

मूठ निघाली की टँग नीट बघा. वायर ब्रशने गंज काढा, खोल गेलेला असेल तर तेवढाच भाग साध्या व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच हेअर ड्रायरने किंवा उन्हात कडकडीत सुकवा. जिथे पातं संपून टँग सुरू होतो त्या खांद्याशी सगळ्यात जास्त जोर येतो. तिथे कोपरा अगदी काटकोनात कापलेला असेल तर बारीक गोल कानशीने त्याला किंचित गोलाई द्या, टोकदार कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. त्या जागी गंजाने निम्म्याहून जास्त जाडी खाल्ली असेल तर मात्र थांबा, असा सुरा फ्रेम करून ठेवावा, वापरू नये. मागचं टोक आखूड पडत असेल तर तिथे तुकडा वेल्ड करून वाढवता येतो, पण पातं ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि वेल्डिंग फक्त शेवटच्या टोकाला.

पात्याचं मात्र काही करू नका. काळपट झालंय म्हणून ग्राइंडरवर चमकवायला नेऊ नका. पात्याच्या बुडाशी एखादा शिक्का दिसतोय का बघा. त्या काळात बरेच सुरे इंग्लंडमधल्या शेफील्डहून यायचे, सहा टोकांची चांदणी आणि तिच्या शेजारी क्रॉस असेल तर तो जोसेफ रॉजर्सचा. गंमत म्हणजे शेफील्डचे कारागीर मुठींसाठी सांबराची शिंगं आपल्याकडूनच मागवायचे, म्हणजे आपलंच शिंग विलायतेला जाऊन मूठ होऊन परत यायचं. शिक्का नसेल तर बहुधा गावच्या लोहाराने केलेला, आणि त्यातही मोटारीच्या कमानपाट्याच्या पोलादाचा असेल तर तो काही कमी प्रतीचा नसतो. दोन्हींत जुनेपणा हीच किंमत आहे, बारीक तेलकट कापडाने पुसा, बस.

आता लाकूड. माझी पहिली पसंती जुनी शिसवी, आणि ती विकत घ्यायलाही लागत नाही, जुन्या पलंगाचा मोडका पाय, पाळण्याचा दांडा, दरवाजाची तुटकी पट्टी, कोकणातल्या घरात कुठेतरी सापडतेच. पन्नास-साठ वर्षं घरात राहिलेलं लाकूड जेवढं हलायचं तेवढं हलून झालेलं असतं. नवीन शिसव तोडायला परवानगी लागते म्हणून झाडाच्या मागे जाऊ नका, फर्निचरवाल्याकडचा तुकडा घ्या. खैर चांगला, जड आणि चिवट, उगाच नाही त्याची मुसळं करत. बाभळीचा गाभा चांगला, औतकाठीला पिढ्यान्‌पिढ्या तीच वापरली. चिंचेचा काळसर गाभा मिळाला तर फार सुंदर दिसतो पण मिळतो कमी. धामणीला लवचिकपणा आहे, कुऱ्हाडीच्या दांड्याला ती उत्तम, सुऱ्याला तेवढी गरज नाही. साग चालेल पण तो मऊ पडतो, कडांना लवकर झिजतो. सावंतवाडीच्या खेळण्यांचं पांगाऱ्याचं लाकूड घरात पडलेलं असेल तर ते नको, हलकं असतं, खेळण्यालाच ठीक. म्हशीचं शिंग कायद्याने चालतं आणि काळंभोर छान दिसतं, उत्तर प्रदेशात संभलला त्याचं मोठं काम चालतं, पण ते आपल्या नखांच्याच पदार्थाचं असतं, दमट हवेत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि त्याला कीडही लागते. कोकणासाठी मी सुचवणार नाही.

तुकडा साधारण ५ इंच लांब, दीड इंच रुंद, सव्वा इंच जाड घ्या, रेषा लांबीच्या दिशेने सरळ गेलेल्या हव्यात. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे रेषा तिरक्या असतील तर गार्डजवळ पहिल्याच पावसात फट दिसेल. गाठ असेल तर टाकून द्या. ओलं लाकूड असेल तर इंचाला वर्षभर वाळायला लागतं आणि टोकांना मेण लावून ठेवायला लागतं, तेवढा धीर नसेल तर जुनंच लाकूड शोधा. शिसवीची धूळ कातडीला आणि छातीला त्रास देते, बऱ्याच जणांना पुरळ उठतो, तेव्हा मास्क लावूनच घासा, आणि घरात लहान मूल असेल तर अंगणात.

भोक पाडणं हा खरा कस. आधी भोक, मग आकार, हा क्रम उलटा करू नका, चौकोनी ठोकळ्याला मध्यरेषा आखता येते, गोल मुठीला नाही. चारही बाजूंनी मध्यरेषा आखा. तुमच्याकडे स्टँडवरची ड्रिल असेल तर दोन्ही टोकांकडून भोक पाडून मधे मिळवा, मग टँग पुढे रुंद असतो म्हणून तिकडून शेजारी शेजारी दोन-तीन भोकं पाडून मधला पडदा हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने खरवडून काढा. हातातली ड्रिल असेल तर भोक तिरकं जाणारच, त्यापेक्षा सोपी आणि माझ्या मते जास्त चांगली पद्धत म्हणजे ठोकळा बारीक करवतीने उभा मधोमध कापायचा, दोन्ही फाळक्यांच्या आतून अर्धी अर्धी खाच पटाशीने कोरायची, टँग बसवून बघायचा आणि मग फाळक्या परत चिकटवायच्या. रेषा जुळवून चिकटवल्या तर सांधा शोधूनही सापडत नाही.

तिसरी पद्धत तुम्ही गावात पाहिली असेल, कोयतीचा टँग लालभडक करून लाकडात ठोकायचा. कोयतीला ठीक आहे. इथे दोन अडचणी, उष्णता टँगमधून पात्यात चढते, आणि भोकाच्या आत कोळशाचा थर होतो ज्यावर कुठलंच अ‍ॅडेसिव्ह धरत नाही. अगदी तसंच करायचं असेल तर टँगच्याच मापाची वेगळी सळी घासून तयार करा, ती तापवून भोक जाळा, आणि मग कोळसा पूर्ण खरवडून काढा.

टँग आत जातोय पण पूर्ण नाही, असं होणार. तेव्हा टँगला दिव्याची काजळी लावा, किंवा घरच्यांना विचारून लिपस्टिक, आत घाला, बाहेर काढा, आतल्या ज्या जागी डाग पडला तेवढीच जागा खरवडा. परत. परत. इथे घाई करणाऱ्याची मूठ कधीच चांगली होत नाही. शेवटी गार्ड आणि लाकूड एकमेकांवर बसवून मागे बॅटरी धरा, कुठूनही उजेड दिसता कामा नये, कारण पाणी जातं ते इथूनच. गार्डला लागून बारीक चामड्याची चकती घालायची फॅशन आहे, कोकणात घालू नका, चामडं पाणी धरून ठेवतं. चकती हवीच असेल तर फायबर शीटची. पुढच्या तोंडाला तांब्याच्या किंवा पितळेच्या पाइपाची शेंबी बसवली, जशी काठीला असते, तर लाकूड फाटायची भीतीच जाते, गार्ड नसलेल्या सुऱ्याला तर ती मी घालाच म्हणेन.

चिकटवायला अ‍ॅराल्डाइट घ्या पण सावकाश सुकणारं, चोवीस तासांवालं. पाच मिनिटांत सेट होणारं कमजोर असतं आणि तुमची गडबड होईल ती वेगळी. टँग ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करा, थिनरने दोनदा पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका, हाताचं तेल पुरतं सांधा बिघडायला. दोन्ही ट्यूबा समान घेऊन चांगलं दोन-तीन मिनिटं ढवळा. सुरा पुठ्ठ्यासकट लाकडी पट्ट्यांच्या मधे शिकंज्यात खाली टोक करून उभा धरा, गार्ड चढवा, गार्डच्या फटीत अ‍ॅराल्डाइट भरा, मग मुठीच्या भोकात अर्ध्यापर्यंत ओतून मूठ सावकाश खाली दाबा, बारीक तार आत खालीवर करून हवेचे बुडबुडे काढा. एक बुडबुडा म्हणजे पुढे पाणी साठायला एक खोली. मागून सगळीकडून बाहेर आलं की समजायचं भरलं. गार्डवर आलेलं लगेच स्पिरिटच्या फडक्याने पुसा, सुकल्यावर काढताना पितळ खराब होतं.

अ‍ॅराल्डाइट ओलं असतानाच मागची टोपी चढवायची, तांब्याचा छोटा वॉशर घालायचा आणि टँगचं बाहेर आलेलं दोन-तीन मिलिमीटर टोक गोल तोंडाच्या लहान हातोडीने ठोकून पसरवायचं. जोरात चार ठोके नाही, हलके हलके पन्नास. टोक कडक असेल तर आधीच, म्हणजे चिकटवायच्या आधी, तेवढं अर्धा इंच लाल करून राखेत सावकाश गार करून घ्या, पातं ओल्या वाळूत खुपसून ठेवून.

लाखेबद्दल विचारलं नाहीत पण सांगतो. जुनी वस्तू जशी होती तशीच ठेवायची असेल, वापरायची नसेल, तर लाख आणि विटेची बारीक पूडच चांगली, पुढे कुणाला मूठ काढायची झाली तर गरम पाण्याने निघते, अ‍ॅराल्डाइट एवढ्या सहज निघत नाही. पण लाख बसवलेला सुरा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत राहिला तर ढिला पडू शकतो. माडाच्या बागेत रोज वापरणार असाल तर अ‍ॅराल्डाइट.

एक दिवस पूर्ण सोडा, पावसाळा असेल तर दोन. मग आकार. पुठ्ठ्यावर बाजूचा आकार काढून ठोकळ्यावर उतरवा, करवतीने जादा भाग काढा, मग लाकडाच्या कानशीने. मूठ गोल करू नका, लंबगोल करा, अंधारात हातात घेतल्याबरोबर धार कुठल्या बाजूला आहे ते तळहाताला कळलं पाहिजे, शिकारीच्या सुऱ्याची मूठ तशी असायची ती ह्याच कारणाने. साधारण ४ ते साडेचार इंच लांब, जाडी २० ते २२ मिलिमीटर, मधे किंचित फुगीर, पहिल्या बोटाच्या जागी थोडी बारीक आणि मागे परत रुंद म्हणजे ओल्या हातातून निसटत नाही. चार बोटांच्या चार खाचा करू नका. एकाच पद्धतीने धरता येतं, आणि तुमच्या हाताच्या खाचा तुमच्या मुलाच्या हाताला बसत नाहीत. दर थोड्या वेळाने हातात घेऊन डोळे मिटून बघा, जिथे टोचतं तिथे घासा.

पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २४०, ४०० असा चढत जा, मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. २४० झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून सुकू द्या, लाकडाचे केस उभे राहतील, मग ४००. हे नाही केलं तर पहिल्यांदा हात ओला लागला की मूठ खरखरीत होते.

तेल जवसाचं, हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं ते. पातळ हात, पंधरा मिनिटांनी जादाचं पुसायचं, दुसऱ्या दिवशी परत, असे पाच-सहा हात आणि शेवटी मधाच्या पोळ्याचं मेण घासायचं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि चुरगळलेली फडकी आपोआप पेट घेतात, ती बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. कोकणात सगळ्यालाच खोबरेल लावायची सवय आहे, मुठीला लावू नका, खोबरेल कधी सुकतच नाही, चिकट होऊन मळ धरतं. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना लावतात म्हणून कुणी सुचवेल, त्याने हाताला फोड येतात. आणि जाड व्हार्निश नको, घामट हातात घसरतं, आणि एकदा पोपडा निघाला की पाणी त्याच्या खाली जाऊन बसतं.

तुमचा सुरा असा नसून टँग मुठीच्या पूर्ण आकाराएवढा रुंद आणि दोन्ही बाजूंनी फाळक्या लावलेल्या असा निघाला तर काम सोपं आहे. जुनीच भोकं वापरा, कडक टँगमध्ये साध्या ड्रिलने नवीन भोक पडत नाही. एक फाळकी क्लॅम्पने टँगला धरून टँगच्या भोकातूनच ड्रिल करा, मग दुसरी. पितळेच्या ४ किंवा ५ मिलिमीटर सळीचे तुकडे पिना म्हणून. क्लॅम्प मरणाचा आवळू नका, सगळं अ‍ॅराल्डाइट बाहेर पडून सांधा कोरडा राहतो. आणि फाळक्यांची पात्याकडची तोंडं चिकटवायच्या आधीच ४०० पर्यंत घासून तेलाशिवाय तयार ठेवा, नंतर तिथे पेपर घातलात की पात्यावर ओरखडे गेलेच.

झाल्यावर सुरा चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका, चामडं ओलावा धरतं आणि पात्याला आतून गंज चढतो, म्यान वेगळं आणि सुरा वेगळा, पात्याला मशीन ऑइलचा पातळ हात. पहिल्या पावसाळ्यानंतर गार्डच्या सांध्यावर नख फिरवून बघा, कुठे अडकलं तर तिथे थोडं मेण गरम करून जिरवा. लाकूड घ्यायच्या आधी मूठ काढून टँगची लांबी, खांद्याशी रुंदी आणि जाडी मोजा आणि इथे लिहा, भोक पाडावं की फाळक्या कराव्यात ते मी मापं बघून सांगेन.